सासूच्या डोळ्यातलं, सुनेच्या डोळ्यातलं

“कोरड्या डोळ्यांचे प्रकार किती, आसावरी?”

मुजावर सरांनी विचारलं ते डाळिंब सोलता सोलता, मान वर न करता.

डॉ. आसावरी खांबेटेला हसूच आलं. अठरा वर्षांपूर्वी वॉर्डात सर असेच अचानक विचारायचे आणि तिच्या तळहाताला घाम फुटायचा. आता याच विषयावर बोलायला तिला परदेशातून बोलावणी येत होती.

“दोन,” ती म्हणाली. “एकात डोळ्यात पाणी कमी बनतं. दुसऱ्यात बनतं पुरेसं, पण टिकत नाही. उडून जातं.”

“आणि?”

“दोन्ही एकाच डोळ्यात असेल तर मिश्र. बऱ्याच जणांचं तसंच असतं.”

“कशानं होतं?”

“वय. बायकांना पाळी गेल्यावर जास्त. मधुमेह, थायरॉइड, संधिवात. ॲलर्जीच्या गोळ्या, झोपेच्या, काही रक्तदाबाच्या. कॉन्टॅक्ट लेन्स. चष्मा घालवायचं ऑपरेशन. लहान मुलांना अ जीवनसत्त्व कमी पडलं तर. आणि हल्ली सगळ्यात जास्त मोबाईल. पडद्याकडे बघताना माणूस पापणी मिटायचं विसरतो, सर. मिनिटाला पंधरा वेळा मिटायची ती पाच वेळा मिटते.”

“चूल?”

“हो, ती पण. धूर, धूळ, वारा, एसी.”

“राहिलं काही?”

आसावरीनं क्षणभर विचार केला. “नाही.”

सरांनी दाण्यांची वाटी तिच्यापुढे सरकवली. “खा.”

तिला ‘शाब्बास’ हवं होतं. पाच तास गाडी चालवून ती त्यासाठीच आली होती, म्हटलं तरी चालेल.

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मुजावर सर आपल्या गावी, माणदेशातल्या या लिंबेवाडीत येऊन राहिले होते. दर मंगळवारी दूध संस्थेच्या मागच्या खोलीत ते डोळे तपासायचे. खोलीला दुधाचा आंबूस वास होता. डोळा मोठा करून दाखवणारा एक जुना स्लिट लॅम्प, एक कपाट, दोन खुर्च्या आणि भिंतीवर अक्षरांचा तक्ता. त्यातली खालची ओळ उन्हानं पुसट झालेली. बाहेर वारा सुटला होता. या भागात तो बाराही महिने सुटलेलाच असतो.

आसावरीनं पिशवीतून पत्रिका काढली.

“पुढच्या महिन्यात पुण्यात सेंटर सुरू करतेय, सर. फक्त कोरड्या डोळ्यांसाठी. पापणीतल्या तेलाच्या ग्रंथींचे फोटो काढणारं मशीन आणलंय. उद्घाटन तुमच्याच हातून हवंय.”

सरांनी पत्रिका दोन्ही हातांनी घेतली. डोळ्यांजवळ नेऊन सगळी वाचली आणि सदऱ्याच्या खिशात घातली. ती मावेना, अर्धी वरच राहिली.

“येईन की. लेकीच्या घरी जायला पत्रिका कशाला?” ते म्हणाले. “पण आज मंगळवार आहे. आलीच आहेस, तर दोन पेशंट बघ माझे.”

“बघते की.” आसावरीनं बाह्या वर केल्या.

पहिल्या आल्या त्या गोजराबाई मेटकरी. साठी उलटलेली, अंग वाळलेलं, डोळे लालबुंद. दोन्ही गालांवरून पाण्याच्या धारा लागलेल्या आणि हातात ते टिपायला एक फडकं. त्यांच्या मागून एक तिशीची बाई आली होती, पण ती दाराबाहेरच थांबली. तिच्या हातात पाण्याची बाटली होती.

“डाक्टर, ह्ये पाणी खळंना बगा,” गोजराबाई बसता बसता म्हणाल्या. “बिरा गेल्यापासनं एक दिस डोळा सुका न्हाई. तीन म्हयनं झालं.”

“त्यांचा एकुलता एक मुलगा,” सर आसावरीला हळूच म्हणाले. “मेंढरं रस्ता ओलांडत होती. ट्रकनं उडवला.”

आसावरीनं मान हलवली. “आणि बाहेर कोण? सून?”

“सून!”

गोजराबाईंनी तो शब्द थुंकल्यासारखा टाकला.

“डाक्टरीणबाई, नवरा अंगणात आडवा हुता, आन् हिच्या डोळ्याला टिपूस न्हाई. सारा गाव बघत हुता. अकरा वरसं संसार केला तेच्याबरूबर. येत्या शुक्कीरवारी हिचा भाऊ न्ह्याय येतोय. मी म्हणलं, न्ही बाबा. असला धोंडा घरात ठिवून मी काय करू?”

बाहेर ऐकू जावं अशाच आवाजात त्या बोलल्या होत्या.  बाहेरून बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज तेवढा आला.

आसावरीनं गोजराबाईंची हनुवटी स्लिट लॅम्पवर टेकवली. डोळ्यात रंग सोडला आणि निळ्या उजेडात बघितलं.

“आता पापणी मिटू नका, आजी. एक… दोन… तीन…”

तिसऱ्या आकड्यालाच आसवांचा थर फाटला. तिनं पापणीची कड बोटानं दाबली. तेल बाहेर यायला हवं होतं, तिथं टूथपेस्टसारखं घट्ट पांढरं काहीतरी आलं. पुस्तकात छापावा असा डोळा होता. आसावरी मनातून खूश झाली.

“आजी, तुमचे डोळे कोरडे आहेत,” ती म्हणाली.

गोजराबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. हनुवटीवरून पाणी टपटप खाली पडत होतं.

“कोरडं?”

“हो. दुधावर साय धरते ना? तसा आसवांवर तेलाचा पातळ थर असतो. त्यानं पाणी उडून जात नाही. तुमच्या पापणीतल्या तेलाच्या नळ्या तुंबल्यात. थर धरत नाही, मग डोळा उघडा पडतो, जळतो आणि घाबरून भसाभसा पाणी सोडतो. पण ते नुसतं पाणी. त्यानं डोळा भिजत नाही.” आणि म्हातारीला बरं वाटावं म्हणून तिनं पुढे जोडलं, “हे रडणं नाहीच, आजी. काळजी करू नका.”

…

दूध संस्थेच्या पुढच्या खोलीत कुणीतरी कॅन आपटला. त्याचा आवाज बराच वेळ घुमला.

गोजराबाई सरांकडे वळल्या.

“डाक्टर… ही काय म्हणती? मी माझ्या लेकासाठी रडत न्हाई?”



त्या उठल्या. खुर्चीचा आधार घेत, सुनेकडे न बघता बाहेर गेल्या आणि पायरीवर जाऊन बसल्या.

आसावरीचे कान तापले. “सर, निदान बरोबर आहे माझं.”

“शंभर टक्के.”

“मग?”

“मग काही नाही. बरोबर आहे.”

हे बोलताना सरांच्या आवाजात राग नव्हता. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं.

त्यांनी दाराकडे बघून हाक मारली. “वैजयंता, आत ये, बाळ.”

ती बाई आत आली. येताना एक घोट पाणी प्यायली.

“मला काय न्हाई झालं, डाक्टर. मी आत्याबाईंस्नी घिऊन आलीया.”

“माहीत आहे. बस.”

सरांनी आपला डबा उघडला. भाकरीचा एक तुकडा मोडला आणि तिच्या हातावर ठेवला. “एवढा खा.”

वैजयंता गोंधळली, पण डॉक्टरांना नाही कसं म्हणायचं? तिनं तुकडा तोंडात टाकला. चावला. इकडून तिकडे फिरवला. गिळवेना. मग बाटली तोंडाला लावली आणि पाण्याबरोबर तो घास खाली ढकलला.

आसावरी हे बघत होती. बघता बघता तिनं खुर्ची पुढे ओढली.

“नेहमी असंच होतं?”

“व्हय. थुकीच सुटत न्हाई तोंडाला.”

“हात दाखवा.”

बोटांची पेरं सुजून गोल झाली होती.

“सकाळी उठल्यावर मूठ वळते?”

“न्हाई वळत. ऊन वर आल्याव वळती.”

“किती दिवस झाले?”

“चार वरसं झाली असत्याल. दातबी तुकडं पडून जात्यात.”

“डोळे?”

वैजयंतानं मान खाली घातली. “वाळू गेल्यावानी टोचत्यात. पर डोळ्याचं कुणाला सांगू? आमच्यात माझ्या डोळ्याचं नाव काढायची सोय न्हाई.”

आसावरीनं टीपकागदाच्या दोन बारीक पट्ट्या घेतल्या. एकेक पट्टी वैजयंताच्या खालच्या पापणीत अडकवली आणि तिला डोळे मिटायला सांगितले. पाच मिनिटं थांबायचं. डोळ्यातलं पाणी कागदात किती उतरतं, ते त्यावरच्या खुणांवरून मोजायचं.

सर खिडकीतून बाहेर पायरीकडे बघत बसले. आसावरी घड्याळाकडे.

…

“डाक्टरीणबाई,” वैजयंता मिटल्या डोळ्यांनी म्हणाली.

“बोला.”

“त्या दिवशी मला आतनं लई येत हुतं. गळा दाटला हुता. छाती फुटंल आसं वाटत हुतं. पर डोळ्यातनं काय यीना. बाया म्हणल्या, हिला धक्का बसलाय, रडवा हिला. एकीनं थोबाडीत मारली. मग चुलत जावंनं कांदा फोडला आन् डोळ्याला चोळला.”

“कांदा?”

“व्हय. आग झाली निस्ती. पाणी न्हाई आलं.” तिनं चाचपडत पाण्याची बाटली जवळ ओढली. “तवापास्नं मलाबी वाटतंया, आत्याबाई म्हणत्यात तेच खरं आसंल. मी धोंडाच आसंन.”

आसावरीनं घड्याळ बघायचं सोडून दिलं होतं. पाच मिनिटं केव्हाच उलटली होती. तिनं हलकेच पट्ट्या काढल्या आणि खिडकीच्या उजेडात धरल्या. एकही खूण भिजली नव्हती.

“सर… शोग्रेन.”

सरांनी मान हलवली. हा आजार त्यांनीच तिला पहिल्यांदा शिकवला होता, आणि शिकवताना ते म्हणाले होते की याचा पेशंट डोळ्याच्या डॉक्टरकडे शेवटी येतो, तोवर सगळे त्याला नखरेल म्हणून मोकळे झालेले असतात. ते तिला आत्ता, इतक्या वर्षांनी आठवलं.

ती वैजयंताशी बोलू लागली. या वेळी शब्द शोधत, थांबत थांबत.

“आपल्या अंगात रोगाशी लढणारी फौज असते. कधीकधी ती चुकते. परक्याला सोडून आपल्याच घरावर चालून जाते. तुमच्या अंगात तसं झालंय. तिनं आसवं बनवणाऱ्या ग्रंथी मोडल्या, थुंकी बनवणाऱ्या मोडल्या, आता सांध्यांवर आलीय. म्हणून तुमच्या डोळ्यात आसवं येत नाहीत. कांदा चोळला काय नि आणखी काही केलं काय, येणारच नाहीत.”

वैजयंता ऐकत होती. ओठ किंचित हलत होते, जणू ती प्रत्येक शब्द स्वतःला परत सांगून बघत होती.

“म्हंजी…” तिनं विचारलं, “मला दुक्क झालंय?”

 या विषयावर आसावरीजवळ चाळीस स्लाइड्स होत्या. चाळीसही तिच्या डोळ्यांपुढून गेल्या.

तिनं वैजयंताचा सुजलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“झालंय,” ती म्हणाली. “खूप झालंय.”

वैजयंताचा चेहरा गोळा झाला. तोंड वासलं, खांदे गदागदा हलायला लागले, घशातून एक बारीक आवाज निघाला आणि निघतच राहिला. रडण्यातलं सगळं होतं. पाणी तेवढं नव्हतं.

आसावरी तिचा हात धरून बसून राहिली. कितीतरी वेळ.

मग तिच्यातली डॉक्टर उठली. तिनं टेबलावरच्या पट्ट्या उचलल्या.

“मी त्यांना दाखवते.”

“काय?” सरांनी विचारलं.

“पट्ट्या. पुरावा आहे हा, सर. कोरड्या ठणठणीत आहेत.”

सरांनी हात पुढे केला. तिनं पट्ट्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या. त्यांनी त्या चुरगळल्या आणि कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.

“सर!”

“एका बाईला मघाशी आपण पुराव्यानिशी सांगितलं,” सर म्हणाले. “ती पायरीवर बसली आहे.”

…

त्यांनी कपाटातून थेंबांची बाटली काढली आणि बाहेर गेले. आसावरी आणि वैजयंता त्यांच्या मागे.

सर गोजराबाईंच्या शेजारी पायरीवर बसले. बसताना गुडघे वाजले.

“गोजराबाई, एक काम होतं.”

“मला कसलं काम सांगताय? माझं डोळं कोरडं.”

त्यावर सर काही म्हणणार, इतक्यात आसावरी पुढे झाली. तिनं कपड्यांचा, धुळीचा विचार केला नाही. म्हातारीसमोर मातीत उकिडवी बसली.

“आजी, मी मघाशी चुकीचं बोलले.”

गोजराबाईंनी तोंड फिरवलं.

“डोळ्याला आजार आहे, ते खरं. पण रडणं तुमचंच आहे. किती पाणी आजाराचं आणि किती तुमच्या बिराचं, ते मला यंत्रातून दिसत नाही. मी ते बोलायला नको होतं.”

म्हातारीनं तोंड परत तिच्याकडे केलं. मग फडक्यानं नाक पुसून म्हणाली, “ऱ्हाऊ दे, बाय. ल्हान हाईस तू.”

चाळीस वर्षांच्या डॉ. खांबेटेला ते ऐकून इतकं हलकं वाटलं, की तिचं तिलाच नवल वाटलं.

“आता माझं काम,” सर म्हणाले. “तुमच्या सुनेच्या डोळ्यांना रोग आहे. मोठा आहे. आसवंच आटली आहेत तिची. हे थेंब दिवसातून आठ वेळा डोळ्यात घालायचे. तिच्या बोटांत जोर नाही, बाटली दाबवत नाही. घरात दुसरं कोण आहे?”

गोजराबाईंचा हात फडक्यावरच थांबला.

“कधी आटली?”

“चार वर्षं झाली.”

“चार?… म्हंजी बिरा हुता तवापास्नं?”

“हो.”

गोजराबाईंनी हळूहळू मान वळवली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी सुनेकडे नीट पाहिलं असावं. आधी बोटं पाहिली. मग ती पाण्याची बाटली.

“म्हणून तू पाण्यासंगट भाकर गिळतीस व्हय?”

वैजयंतानं मान हलवली.

“मला वाटायचं, नखरं हायती.” त्यांचा आवाज खाली आला. “आन् तो कांदा… मीच म्हणलं हुतं जावंला, चोळ म्हणून.”

वारा आला. दारात वाळत घातलेलं दुधाचं गाळणं फडफडलं आणि शांत झालं.

वैजयंता म्हणाली, “ऱ्हाऊ द्या, आत्याबाई.”

“आणि तू,” सर वैजयंताला म्हणाले, “गरम पाण्यात फडकं भिजवून निथळायचं आणि सासूच्या मिटल्या डोळ्यांवर धरायचं. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. तुंबलेलं तेल पातळ होईल. मग पापण्या हलक्या हातानं चोळायच्या. एकट्यानं करायला त्यांना धीर नाही.”

त्यांनी थेंबांची बाटली गोजराबाईंच्या हातात दिली. “हं. पहिला थेंब इथंच घाला. बघू दे मला.”

गोजराबाई उठल्या. वैजयंता एक पायरी खाली उभी राहिली आणि तिनं मान मागे टाकली.  पहिला थेंब नाकावर पडला. दुसरा भुवईवर.

“हलू नगंस.”

“न्हाई हलत.”

मग गोजराबाईंनी डाव्या हाताच्या अंगठ्यानं सुनेची खालची पापणी हळूच ओढली, श्वास रोखला आणि बाटली दाबली. थेंब बरोबर डोळ्यात पडला. वैजयंतानं पापणी मिटली. डोळ्यात न मावलेलं पाणी कडेनं बाहेर आलं आणि गालावरून ओघळत हनुवटीपर्यंत गेलं.

गोजराबाईंच्या हातातली बाटली तशीच राहिली. दुसऱ्या हातानं त्यांनी पदर ओढला आणि तो ओघळ पुसला.

“आगं… रडू नगं, बाय.”



मग त्यांनी दुसरा गालही पुसला. त्या डोळ्यात तर अजून थेंब घातलाही नव्हता.

आसावरीनं मिरजेच्या संधिवाताच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली. कोणत्या रक्ततपासण्या करायच्या ते लिहिलं, खाली स्वतःचा फोन नंबर घातला. कधीही फोन करा, असं दोनदा सांगितलं. वैजयंतानं चिठ्ठी घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली.

“शुक्कीरवारी तुझा भाऊ यील,” गोजराबाई चपला घालता घालता म्हणाल्या. “कोंबडं कापू. जेवून जाऊ दे त्येला.”

“आन् मी?”

“तू गेलीस, तर माझ्या डोळ्याव फडकं कोण धरंल? चल, ऊन झालंया.”

दोघी निघाल्या. वैजयंतानं सासूचं कोपर धरलं होतं. दुधाच्या टेम्पोला वाट देण्यासाठी त्या रस्त्याच्या कडेला थांबल्या, मग परत चालू लागल्या.

आसावरी त्या दिसेनाशा होईपर्यंत दारात उभी होती. मनात एक गोष्ट अडकून बसली होती. शेवटी तिला राहवलं नाही.

“सर, तिच्या गालावरून ओघळलं, ते औषध होतं. ती आसवं काही खरी नव्हती.”

मुजावर सर पायरीवरून उठत होते. तिनं हात दिला. तो धरून ते उभे राहिले, आणि तसाच धरून ठेवत म्हणाले,

“पदर खरा होता.”